दुसऱ्याच्या लग्नाचा फोटो

मी ब्लॉग लिहायला लागले ती रागाच्या भरात. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी अनुवादक आहे. इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करायचं, दिवसभर, वर्षानुवर्षं. घरी यावं तर मुलगा हिंदीत बोलणार आणि नवरा फोनवर त्याच्या ऑफिसशी इंग्रजीत. एकदा जेवणं झाल्यावर मी मुलाला म्हटलं, "ते खरकटं उचल जरा," तर तो म्हणाला, "खरकटं मतलब?" चूक त्याची नव्हती, तरी मी त्याच्यावर ओरडले. मग स्वतःवरच चिडून त्या एका शब्दावर पानभर लिहून काढलं. लिहिलेलं ठेवायचं कुठे, म्हणून ब्लॉग उघडला. त्यावर नाव घातलं नाही.

पहिलं वर्षभर सात वाचक होते, त्यांतली एक माझी नणंद, आणि तिलाही ब्लॉग माझा आहे हे ठाऊक नव्हतं. मग हळूहळू माणसं जमत गेली. सोलापूरची एक बाई प्रत्येक लेखाखाली दोन ओळी लिहायची. एक निवृत्त मास्तर माझ्या चुका काढायचे आणि शेवटी न चुकता "लिहीत राहा" म्हणायचे. कुठल्यातरी थंड देशातला एक माणूस लिहायचा की तुमचा लेख आला की मी चहा टाकतो. ह्यातलं कुणी मला कधी भेटलं नाही, पण माझ्या बढतीची बातमी मी त्यांना आधी सांगितली आणि सासूबाईंना मागाहून. ह्याचं मला काही वावगं वाटलं नाही.

लिहिण्यामुळे माझे डोळे उघडले हे खरं. भाजीवाल्याचा तराजू, मेट्रोतल्या बायकांच्या चपला, ऑफिसातला मुका पंखा, सगळं मला दिसायला लागलं. पण त्याबरोबर एक खोडही लागली. समोरचं माणूस बोलत असायचं आणि माझ्या डोक्यात त्याचं वाक्य होत असायचं. कुणी रडवेलं झालं की मी गप्प बसायचे, पुढचं ऐकायला मिळावं म्हणून. लोकांना वाटायचं, किती शांतपणे ऐकून घेते ही.

आम्ही तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आमच्या डोक्यावरच्या घरात यवतमाळकडचं एक कुटुंब होतं. नवरा एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन, बायको घरी शिवणकाम करायची, मुलगी बारावीला. बायकोला आम्ही घरात "वरची" म्हणायचो, प्रेमानेच. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. बोलायला लागली की पाऊण तास. एखाद्या शेजारणीबद्दल विचारलं तर तिच्या सुनेच्या माहेरापर्यंत जाऊन यायची. दिल्लीत इतकं मराठी मला दुसरं कुणी ऐकवत नव्हतं.

ते क्वार्टर त्यांचं नव्हतं. ते होतं एका मराठी साहेबांच्या नावावर. साहेब स्वतः द्वारकेला आपल्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि सरकारी घर ह्यांना भाड्याने दिलेलं होतं. हे नियमाविरुद्ध आहे. उघडकीला आलं तर घर जातं आणि ज्याच्या नावावर घर त्याच्यामागे चौकशी लागते. तरीही हे चालतं, कॉलनीत सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. तपासणीवाले आलेच तर "मी साहेबांची बहीण" असं सांगायचं, हे वरचीला पाठ होतं. दारावर साहेबांच्या नावाची पाटी होती. आणि हॉलमध्ये, आत शिरताच दिसेल असा, साहेबांच्या लग्नाचा मोठा फोटो.

"माझ्या लग्नाचा फोटो कपाटात, ताई," एका रविवारी ती मला हसत हसत म्हणाली, "आणि मी रोज सकाळी उठून साहेबांच्या बायकोच्या हारावरची धूळ पुसते. सोचो जरा."

मी हसले. आणि मग मी आणखी एक कप चहा मागितला. मला चहा नको होता. मला हवं होतं की तिने अजून बोलावं. ती बोलली. कपडे ती बाल्कनीत वाळत घालत नाही, कारण किती माणसं राहतात ते मोजता येतं. मुलीने शाळेत घराचा पत्ता सांगताना दर वेळी आधी क्षणभर थांबायचं. नवरा संध्याकाळी परतताना साहेबांच्या नावाची पाटी बोटाने सरळ करतो. मी ऐकत होते आणि आतल्या आत मला आनंद होत होता. एवढं चांगलं काही बऱ्याच दिवसांत हाती लागलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी ते लिहिलं. यवतमाळ काढून टाकलं, शिवणकाम काढून टाकलं, कॉलनीचं नाव काढून टाकलं. नुसतं "दिल्लीतलं एक सरकारी क्वार्टर" असं ठेवलं. फोटो मात्र वगळला नाही. तो वगळला असता तर लेखात उरलं काय असतं? माझी पक्की समजूत होती की दिल्लीत मराठीत लिहिणं म्हणजे कुलूप लावून लिहिणं. ऑफिसातल्या हिंदीवाल्यांना अक्षरं लागली तरी अर्थ लागणार नाही. आणि दिल्लीतली मराठी माणसं गणपतीत भेटतात, मोदक खातात आणि पुढच्या गणपतीपर्यंत एकमेकांना विसरतात, असं मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगायचे. व्हॉट्सअॅपवर त्यांचे सतरा ग्रुप आहेत, आणि त्यातल्या तीन ग्रुपमध्ये मी स्वतः आहे, हे मला लिहिताना आठवलं नाही.

बुधवारपर्यंत तो लेख माझ्या आजवरच्या कुठल्याही लेखाहून जास्त वाचला गेला होता. सोलापूरच्या बाईने लिहिलं की वाचताना रडू आलं. मास्तरांनी एकही चूक काढली नाही. मी ऑफिसात दर अर्ध्या तासाने फोन बघत होते आणि एका परिपत्रकात "अनुमोदन" लिहायचं तिथे "अभिनंदन" लिहून बसले.

गुरुवारी संध्याकाळी वरची खाली आली. नेहमीसारखी आत येऊन ओट्याजवळ उभी राहिली नाही. दारातच थांबली. हातात फोन.

"ताई, हे तुम्ही वाचलं का?"

माझाच लेख. ब्लॉगवरून कुणीतरी उचलून ग्रुपवर टाकलेला, खाली "अज्ञात" असं लिहून.

"साहेबांचा फोन आला होता दुपारी," ती म्हणाली. "त्यांच्या मिसेसना त्यांच्या बहिणीने पाठवलं. म्हणाले, माझ्या लग्नाच्या फोटोबद्दल सगळ्या मराठी ऑफिसर लोकांत चर्चा चालू आहे. पुढच्या रविवारपर्यंत घर खाली करा. दहा दिवस, ताई. पोरीचा पहिला पेपर बारा दिवसांवर आहे. सेंटर इथे, चालत जाण्यासारखं. आता आम्ही कुठे जाऊ? ती पोरगी दुपारपासून एक अक्षर वाचत नाहीये."

मी तिला बसायला सांगितलं. पाणी दिलं. ती बसली नाही, पाणी प्यायली.

"तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला लिहिण्यातलं कळतं. हे कुणी लिहिलं असेल? बघा ना जरा. सापडलं तर मी त्याचे पाय धरीन. म्हणीन, पुसून टाक बाबा, आणि साहेबांना सांग की सगळं खोटं आहे, मनचं लिहिलंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तिची गत होती. आणि मी तो कळसा, गप्प. मी म्हणाले, "बघते." एवढंच म्हणाले. ह्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

ती गेल्यावर मी लेख काढून टाकला. बैल गेला आणि झोपा केला. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तोच लेख माझ्या नणंदेने मला पाठवला. "वाच, कुणीतरी काय सुंदर लिहिलंय. तुला असं जमायला हवं." डबा मी तसाच बंद केला.

नवऱ्याला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तो नोएडाच्या एका कंपनीत आहे, थंड डोक्याचा माणूस. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू बोललीस तर तिचं घर वाचणार आहे का?"

"नाही."

"मग? तिचं घर जाईल ते जाईलच, वर एक मैत्रीण पण जाईल. आणि तू सरकारी नोकरीत. एखाद्याने तुझंच नाव पुढे केलं तर?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मला त्यात एकही चूक काढता येईना, म्हणून मी त्याच्याशीच भांडले. पाण्याच्या मोटरवरून. रात्रीची भाजी करपली ती तशीच सगळ्यांनी खाल्ली.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला वरचीची मुलगी खाली आली. केस विंचरलेले नव्हते, बोटांना शाई. "आंटी, मम्मी बोलावतेय. अंकल आलेत द्वारकाहून. तुम्ही समजवा ना त्यांना. तुम्ही गव्हर्नमेंटमध्ये आहात, तुमचं ऐकतील. प्लीज, फक्त एक्झामपर्यंत."

मी पायऱ्या चढले. सोळा पायऱ्या आहेत, मी रोज चढायचे, त्या दिवशी मध्येच थांबून कठडा धरला. मुलगी मागे होती, म्हणून परत फिरता आलं नाही.

साहेब खुर्चीच्या कडेवर बसले होते. फोटोतल्या नवरदेवाचे केस गेलेले, पण ओळखू येत होते. मला वाटलं होतं, आवाज चढवणारा कुणी असेल. तसे ते नव्हते. घाबरलेला, सरळ साधा माणूस होता. हातरुमालाची घडी घालत होते, मोडत होते.

"मॅडम, तुम्हीच सांगा ह्यांना," ते मला म्हणाले. "मी वाईट माणूस नाही. पण माझी दोन वर्षं राहिलीत. चौकशी लागली तर माझी पेन्शन अडकेल. मुलीचं लग्न व्हायचंय. एक निनावी अर्ज पुरे आहे, तुम्हाला माहितेय आपल्याकडे कसं चालतं. आणि घरातली एवढी बारीक गोष्ट बाहेर गेली कशी? माझ्या लग्नाचा फोटो. कपडे कुठे वाळतात ते सुद्धा. ही घरात येऊन बसल्याशिवाय कळणारी गोष्ट आहे का?" मग ते वरचीकडे वळले. "तुम्हीच कुठेतरी बोललात. शिवायला कपडे घेऊन बायका येतात, त्यांच्यापाशी बोलत असाल. मी तेव्हाच सांगितलं होतं, तोंड बंद ठेवायचं."

वरचीचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. तोही आता तिच्याकडेच बघत होता. मला वाटतं, त्या क्षणी त्यालाही तसंच वाटलं.

"मी कुणाकडे बोलले नाही," वरची म्हणाली. मान वर होती. मुलीच्या डोक्यावर तिने हात ठेवला. "हिची शप्पथ. ह्या चार वर्षांत फक्त ह्या ताईंपाशी बोलले. आणि त्या तसल्या नाहीत. त्या बसल्यात समोर, त्यांनाच विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या नवऱ्याची सगळी कारणं माझ्या डोक्यात होती, एकामागून एक, बरोबर होती. पण पोरीच्या डोक्यावर हात होता. तो हात तिथे असताना मला गप्प बसता येईना.

"मी लिहिलंय," मी म्हणाले. "तो ब्लॉग माझा आहे. हिने फक्त मलाच सांगितलं होतं. हिची काही चूक नाही."

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. वरचीने मुलीच्या डोक्यावरचा हात काढला आणि पदराला पुसला, कशाला ते मला कळलं नाही. मग ती मला म्हणाली, "परवा मी दारात उभी होते, तेव्हा तुम्ही 'बघते' म्हणालात."

"हो."

"मी पाय धरीन म्हणाले."

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. आत तिने नळ सोडला आणि बराच वेळ तो तसाच चालू ठेवला.

मी साहेबांना विनवलं. लेख काढलाय, ग्रुपवर कुणी विचारलं तर मी सांगेन की काल्पनिक आहे, महिनाभर थांबा, पोरीची परीक्षा होऊ द्या. ते म्हणाले, "तुम्ही काल्पनिक म्हणाल, मॅडम, पण फोटो तर ह्या भिंतीवर आहे." उठून त्यांनी तो खिळ्यावरून उतरवला आणि काखेत मारून घेऊन गेले. तारीख मात्र पुढच्या रविवारचीच ठेवली. मला त्यांचा रागही धड येईना. त्यांना भीती घालणारी मीच होते.

त्यानंतरचे आठ दिवस मी वरच्या मजल्यावरचे आवाज ऐकत काढले. पलंग सरकवल्याचा आवाज, शिलाईचं मशीन उतरवल्याचा. जिन्यात गाठ पडली की वरचीचा नवरा "नमस्ते मॅडम" म्हणायचा, पूर्वी "ताई" म्हणायचा. त्यांना उत्तम नगरच्या पलीकडे दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथून परीक्षेच्या सेंटरला बसने नि मेट्रोने दीड तास. मला ते विचारायचं होतं, की मुलीला माझ्याकडे राहू दे. तीनदा जिन्यापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. मी कुठल्या तोंडाने विचारणार होते?

शनिवारी वरचीच खाली आली. पुन्हा दारातच उभी राहिली.

"माझा तुमच्यावर राग आहे," तिने सरळ सांगितलं. "आणि तो जाईल असं मला वाटत नाही. पण सेंटर इथून जवळ आहे. माझ्या रागापायी तिचं वर्ष वाया घालवण्यात अर्थ नाही. पेपर संपेपर्यंत ती तुमच्याकडे राहील."

"अगं, मीच म्हणणार होते—"

"एक अट आहे. तिच्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. ती काय खाते, किती वाजता उठते, रडते का, काय बोलते, काही नाही. ब्लॉगवर नाही, वहीत नाही, कुठेच नाही."

मी हो म्हणाले. मुलगी माझ्याकडे पाच आठवडे राहिली. त्या पाच आठवड्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. निकाल काय लागला तेही लिहीत नाही.

ब्लॉग बरेच महिने बंद होता. सोलापूरच्या बाईने विचारलं, बऱ्या आहात ना. मास्तरांनी विचारलं. त्यांना काय सांगावं हे मला सुचलं नाही. मला आवडायचं त्यांचं माझ्यावरचं प्रेम, पण ते प्रेम मी कुणाच्या घरातून उचलून आणलेल्या गोष्टींवर मिळवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक होतं. पुढे पुन्हा लिहायला लागले तेव्हा एक शिस्त लावून घेतली. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी वाचून दाखवायचं. त्यामुळे माझे लेख आता थोडे झाले आहेत. अर्ध्याहून जास्त माणसं "नको" म्हणतात. भाजीवाला सुद्धा "नको" म्हणाला.

साहेब आता निवृत्त झालेत. त्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलंय, आम्हीही मयूर विहारला आलोत. हे सगळं लिहावं असं मला गेली दोन वर्षं वाटत होतं. गेल्या महिन्यात लिहून झालं, तेव्हा आधी साहेबांना फोन करून विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही, आणि मग एका दुपारी वरचीला लावला. म्हटलं, तुला वाचून दाखवायचंय, तू नको म्हणालीस तर फाडून टाकते. ती म्हणाली, वाचा.

मी सगळं वाचलं. चहाचा दुसरा कप, "बघते", नळ, सगळं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. दोनदा मला वाटलं फोन कट झाला, तेव्हा मी "आहेस ना?" विचारलं आणि ती "हं" म्हणाली.

"काय काढू?" मी शेवटी विचारलं.

"काही नका काढू. जसं झालं तसंच आहे." मग म्हणाली, "टाका तुम्ही."

मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की मी जुन्या सवयीने पाय वर घेऊन बसले आणि विचारलं, "बरं, आता सांग, तिकडचे शेजारी कसे आहेत?"

"चांगले आहेत," ती म्हणाली.

मी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही.

"आणि तुझं कसं चाललंय?"

"माझं पण चांगलं चाललंय, ताई," ती म्हणाली. आणि कुकर लावलाय असं सांगून तिने फोन ठेवला.